सकारात्मक विचार आणि आनंदी जीवन : महर्षी धोंडो केशव कर्वे यांची जीवनकथा



आज आपण महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं चरित्र बघणार आहोत. दरवर्षी १८ एप्रिलला त्यांची जयंती येते. आपण फोटोला हार घालतो, दोन-चार मुलं भाषणं करतात. जन्म कुठे झाला, कोणती संस्था काढली, भारतरत्न कधी मिळालं, एवढं सांगून भाषण संपतं. आज मात्र हे चरित्र मी एका प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी घेतलं आहे. तो प्रश्न माझ्या वर्गातल्या एका मुलीने मला विचारला होता.

पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेचा निकाल लागला होता. या मुलीने वर्षभर मनापासून अभ्यास केला होता. सुट्टीच्या दिवशीही ती शाळेत येऊन सराव प्रश्नपत्रिका सोडवायची. पण थोड्या गुणांनी तिची शिष्यवृत्ती हुकली. ती रडली नाही, नुसती गप्प बसली. मी जवळ जाऊन आपण सगळे जे म्हणतो तेच म्हटलं, की सकारात्मक विचार कर, सगळं चांगलं होईल. तिने मान वर केली आणि विचारलं की मॅडम, सकारात्मक विचार करायचा म्हणजे नक्की काय करायचं? सगळं चांगलं होईल असं तर मी परीक्षेच्या आधीही म्हणत होते.

खरं सांगते, मला उत्तर देता आलं नाही. फळ्यावर सुविचार मी रोज लिहिते. मोबाईलवर रोज सकाळी सकारात्मकतेचे पाच-सहा मेसेज येतात, तेही पुढे पाठवते. पण दहा वर्षांच्या मुलीला करून बघता येईल असं काही मला सांगता आलं नाही. घरी आल्यावर कर्व्यांचं चरित्र पुन्हा काढलं. का, तर हा माणूस १०४ वर्षं जगला, शेवटपर्यंत शांत आणि समाधानी राहिला, आणि त्याच्या आयुष्यातला पहिला मोठा धक्काही परीक्षेचाच होता.

मुरूडचा लाजाळू मुलगा

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या शेरवली या गावी, आजोळी झाला. त्यांचं बालपण दापोली तालुक्यातल्या मुरूड या समुद्रकाठच्या गावात गेलं. वडील केशवपंत आणि आई लक्ष्मीबाई. घराण्याला एके काळी चांगले दिवस होते, पण धोंडूच्या वाट्याला गरिबीच आली. वडील कारकुनीसारखी नोकरी करून घर चालवायचे.

हा मुलगा फार हुशार म्हणून गाजलेला नव्हता. स्वभाव अतिशय लाजाळू. चारचौघांत बोलायची वेळ आली की तोंडातून शब्द फुटायचा नाही. मोठेपणीही ते कधी फर्डे वक्ते झाले नाहीत. आपल्या आत्मचरित्रातही त्यांनी स्वतःला सामान्य बुद्धीचा माणूस म्हणूनच दाखवलं आहे. आपल्या वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलांनी ही गोष्ट नीट लक्षात ठेवावी.

पण मुरूडमध्ये त्यांना एक चांगले शिक्षक भेटले, सोमण गुरुजी. त्यांनी मुलांना पुस्तकापलीकडच्या जगाची ओळख करून दिली. गावातल्या लोकांना देवळात वर्तमानपत्र वाचून दाखवायचं काम त्यांनी धोंडूला दिलं. स्वतःचं असं बोलता येत नाही, तर छापलेलं मोठ्याने वाचायला सुरुवात कर, अशी ही साधी युक्ती. लाजाळू मुलाला स्टेजवर ढकलण्यापेक्षा हे किती चांगलं! चार माणसांसाठी आपण काहीतरी करू शकतो, याचा आनंद या मुलाला तिथे पहिल्यांदा मिळाला असेल, असं मला वाटतं.

सातारची पायपीट

आता परीक्षेची गोष्ट. त्या काळी मराठी सहावीची सरकारी परीक्षा पास झाली की शिक्षकाची किंवा सरकारी नोकरी मिळू शकायची. गरीब घरातल्या मुलासाठी ही परीक्षा म्हणजे मोठा आधार. १८७५ साली धोंडूने या परीक्षेची तयारी केली. परीक्षेला मुंबईला किंवा साताऱ्याला जावं लागणार होतं. समुद्र खवळलेला, त्यामुळे बोटीने मुंबईला जाणं जमण्यासारखं नव्हतं. मग धोंडू आणि त्याचे सोबती पायी साताऱ्याला निघाले.

मुरूड ते सातारा हे अंतर शंभर मैलांहून जास्त आहे. वाटेत सह्याद्री. पाठीवर गाठोडं, पायाखाली चिखल, अवघड कुंभार्ली घाट. पायाला फोड आले तरी थांबायची सोय नाही, कारण परीक्षेची तारीख जवळ आलेली. चार दिवस चालून मुलं साताऱ्याला पोहोचली.

आणि तिथे काय झालं? परीक्षेला बसण्यासाठी वयाची सतरा वर्षं पूर्ण असावी लागत. धोंडूचं वय बसत होतं. पण अंगकाठी बारीक, चेहरा लहान मुलासारखा. परीक्षा घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं, हा सतरा वर्षांचा असूच शकत नाही असं ठरवलं आणि परीक्षेला बसू दिलं नाही. एवढं चालून आलेल्या मुलाच्या हातात प्रश्नपत्रिकासुद्धा पडली नाही.

मित्रांनो, थोडं थांबा आणि विचार करा. यात त्याची काय चूक होती? काहीच नाही. अभ्यास केला होता, वय पूर्ण होतं, चालायचे कष्टही घेतले होते. आपल्यावर असा प्रसंग आला तर आपण काय करू? अधिकाऱ्याला दोष देऊ, नशिबाला दोष देऊ, पुन्हा परीक्षेचं नाव काढणार नाही. धोंडूलाही दुःख झालंच. वाईट वाटलंच नाही असं म्हणणं म्हणजे खोटं बोलणं होईल. पण तो परत आला आणि पुढच्या वेळी कोल्हापूर केंद्रावर जाऊन तीच परीक्षा दिली आणि पास झाला.

माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर मला इथे मिळालं. सगळं चांगलं होईल, असं धोंडूने स्वतःला सांगितलं की नाही हे कुणाला ठाऊक. पण आता यापुढे मला काय करता येईल, हे त्याने शोधलं. साताऱ्याचं दार बंद, तर कोल्हापूरचं उघडं आहे का ते बघितलं. दुःख झालं तरी पुढची एक गोष्ट शोधायची आणि ती करायची. एवढं तर दहा वर्षांचं मूलही करू शकतं.

उशिरा शिकलेला माणूस

मराठी शिक्षण झाल्यावर त्यांना इंग्रजी शिकावंसं वाटलं. तोपर्यंत वय वाढलं होतं. आपल्यापेक्षा लहान मुलांबरोबर वर्गात बसायचं म्हणजे लाज वाटणारच. पण ते मुंबईला गेले आणि रॉबर्ट मनी स्कूलमधून १८८१ साली, म्हणजे वयाच्या तेविसाव्या वर्षी मॅट्रिक झाले. आज या वयात मुलं पदवी घेऊन नोकरी शोधत असतात. पुढे एल्फिन्स्टन कॉलेजमधून १८८४ साली गणित विषय घेऊन ते बी.ए. झाले. शिकवण्या करायच्या, त्यातून स्वतःचं शिक्षण आणि घर चालवायचं, असा त्यांचा दिनक्रम होता.

त्या काळच्या पद्धतीप्रमाणे त्यांचं लग्न लहानपणीच झालं होतं. पत्नीचं नाव राधाबाई. मुंबईत संसार सुरू झाला, मुलगा रघुनाथ झाला. हेच रघुनाथ पुढे संततिनियमनाच्या प्रचारासाठी प्रसिद्ध झाले. कर्वे शाळांमध्ये शिकवायचे, पहाटेपासून रात्रीपर्यंत शिकवण्या घ्यायचे. एवढ्या ओढाताणीतही आपल्या गावासाठी काहीतरी करायचं म्हणून त्यांनी मुरूड फंड सुरू केला. गावातून बाहेर पडून कमावणाऱ्या लोकांनी गावच्या कामासाठी थोडेथोडे पैसे द्यायचे, अशी ती कल्पना होती. स्वतःकडे भरपूर आलं की मग दुसऱ्याला देईन, असं ते म्हणत बसले नाहीत.

१८९१ साली दोन गोष्टी घडल्या. राधाबाईंचं निधन झालं. त्या अवघ्या सत्तावीस वर्षांच्या होत्या. आणि त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बोलावण्यावरून कर्वे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. पुढे १९१४ पर्यंत त्यांनी तिथे शिकवलं.

एक लग्न आणि गावाचा बहिष्कार

त्या काळी विधवा स्त्रीचं आयुष्य कसं होतं, हे आजच्या मुलांना सांगितलं तर खरं वाटत नाही. सात-आठ वर्षांच्या मुलीचं लग्न व्हायचं. नवरा गेला की तिचे केस कापायचे, तिला लाल आलवण नेसवायचं आणि जन्मभर घरातल्या कामाला जुंपायचं. शुभकार्यात तिने समोर यायचं नाही. नवरा गेलेल्या बाईने लग्न करायचं नाही, पण बायको गेलेल्या पुरुषाने मात्र लगेच दुसरं लग्न करायचं आणि तेही लहान मुलीशीच.

कर्व्यांनाही लोक लग्नाचा आग्रह करत होते. त्यांनी ठरवलं की लग्न करायचं तर विधवेशीच करायचं. त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई आठव्या वर्षीच विधवा झाली होती, लग्नानंतर काही महिन्यांतच. ती पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होती. त्या सदनातली ती पहिली विधवा विद्यार्थिनी. ११ मार्च १८९३ रोजी कर्वे आणि गोदूबाई यांचा विवाह झाला. लग्नानंतर त्यांचं नाव आनंदीबाई झालं. सगळे त्यांना बाया म्हणत.

या लग्नाची मोठी किंमत द्यावी लागली. मुरूडच्या गावकऱ्यांनी सभा भरवून कर्व्यांवर बहिष्कार घातला. त्यांना घरात घेतलं तर आई आणि भाऊही वाळीत पडणार होते. म्हणजे ज्या गावासाठी फंड काढला, त्या गावात स्वतःच्या आईच्या पंगतीला बसायची सोय राहिली नाही. पुण्यातही अनेकांनी संबंध तोडले.

इथे कर्व्यांचा स्वभाव बघा. त्यांनी गावाशी भांडण मांडलं नाही. लोकांना शिव्या दिल्या नाहीत, आणि माफी मागून लग्न चुकीचं होतं असंही म्हटलं नाही. आपलं बरोबर आहे हे मनाशी पक्कं होतं. समोरची माणसं वाईट नाहीत, त्यांना अजून पटलेलं नाही, असं मानून ते कामाला लागले. आत्मचरित्रातही विरोधकांबद्दल कडवटपणा फारसा दिसत नाही. रागाचं ओझं मनावर घेऊन फिरलं असतं, तर पुढची सत्तर वर्षं एवढं काम झालं असतं का?

हिंगण्याची झोपडी

त्याच वर्षी, १८९३ मध्ये, त्यांनी विधवाविवाहाला मदत करणारी मंडळी स्थापन केली. पण काम करता करता त्यांच्या लक्षात आलं की लग्नाला तयार होणाऱ्या स्त्रिया थोड्या आहेत. बाकीच्यांचं काय? त्यांना आधी शिक्षण हवं, स्वतःच्या पायावर उभं राहता यायला हवं. म्हणून १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली. त्यासाठी स्वतःच्या शिलकीतले पैसे आधी दिले. विवाहाचं काम आणि आश्रमाचं काम त्यांनी वेगळं ठेवलं, कारण आपली मुलगी आश्रमात पाठवली तर तिचं लग्न लावून देतील, या भीतीने लोकांनी मुली पाठवल्याच नसत्या. यावर काही सुधारकही नाराज झाले. म्हणजे सनातनी लोकांना ते फार पुढे गेलेले वाटत आणि सुधारकांना मागे राहिलेले!

पुण्यात प्लेगची साथ आली तेव्हा आश्रम शहरात ठेवणं अवघड झालं. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी शहरापासून चार मैलांवर हिंगणे इथे सहा एकर जमीन दिली. त्या ओसाड माळावर १९०० साली आश्रमाची झोपडी उभी राहिली. आजूबाजूला वस्ती नाही, धड रस्ता नाही, पावसाळ्यात नुसता चिखल.

कर्वे दिवसभर कॉलेजात गणित शिकवायचे. संध्याकाळी किराणा, भाजी, पुस्तकं असं सामान घेऊन चालत हिंगण्याला जायचे, मुलींना शिकवायचे आणि परत यायचे. पाऊस असो की थंडी, हा नेम चुकायचा नाही. लहानपणी साताऱ्याला चाललेले पाय आता हिंगण्याला चालत होते, असं म्हणायला हरकत नाही.

या आश्रमात आलेल्या स्त्रियांपैकी पार्वतीबाई आठवले यांचं नाव आवर्जून घ्यायला हवं. त्या आनंदीबाईंची बहीण. तरुणपणीच विधवा झालेल्या, एका मुलाची आई. वय वाढल्यावर शिकू लागल्या आणि पुढे आश्रमाचा आधारस्तंभ झाल्या. इंग्रजी नीट येत नसताना पुढे त्या अमेरिकेत गेल्या, तिथे घरकामं करून राहिल्या आणि आश्रमासाठी निधी गोळा करून आल्या. शिकल्याने एका माणसाचं आयुष्य किती बदलू शकतं, हे यावरून कळतं.

घरच्यांनी सोसलेलं

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. निबंधात ती सहसा येत नाही. कर्व्यांच्या या कामाचा भार त्यांच्या घरच्यांवर पडला. पगारातला पैसा आश्रमात जायचा. आयुर्विम्याची पॉलिसीही त्यांनी आश्रमाला देऊन टाकली. घरात मुलं लहान. आपल्या पश्चात यांचं कसं होणार, ही काळजी आनंदीबाईंना वाटणारच. त्यांनी सुईणीचं शिक्षण घेतलं, घर सांभाळलं आणि स्वतःही आश्रमासाठी दारोदार फिरून वर्गणी गोळा केली. त्यांनी आपलं आत्मचरित्र लिहिलं, त्याचं नाव माझे पुराण. त्यात त्यांनी आपली कुचंबणाही मोकळेपणाने सांगितली आहे.

म्हणून मुलांना चरित्र सांगताना मी हेही सांगते, की एक माणूस आनंदाने काम करत असतो तेव्हा त्याच्यासाठी घरात कुणीतरी काही सोसत असतं. आपल्या सकारात्मकतेचं ओझं दुसऱ्यावर तर पडत नाही ना, हे विचारायला हवं. कर्वे महर्षी झाले यात बायांचा वाटा मोठा आहे. शिक्षक मित्रांनी वर्गात दोघांची नावं एकत्र घ्यावीत, अशी माझी विनंती आहे.

मूठभर विद्यार्थिनींचं विद्यापीठ

आश्रम फक्त विधवांसाठी होता. मग सगळ्याच मुलींसाठी त्यांनी १९०७ साली महिला विद्यालय सुरू केलं. १९१५ च्या सुमारास जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांनी वाचली आणि भारतातही असं विद्यापीठ असावं, हे त्यांच्या मनाने घेतलं. १९१५ च्या अखेरीस मुंबईच्या सामाजिक परिषदेत अध्यक्षपदावरून त्यांनी ही कल्पना मांडली आणि १९१६ साली विद्यापीठ सुरूही झालं. मुली आपल्या मातृभाषेतून उच्च शिक्षण घेतील, हे त्याचं वैशिष्ट्य.

सुरुवातीला कॉलेजात विद्यार्थिनी किती होत्या? एका हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या! सरकारची मान्यता नाही, म्हणून या पदवीवर नोकरी मिळेल याची खात्री नाही. मुलींसाठी वेगळं विद्यापीठ कशाला, असं शिकलेले लोकही विचारत होते. पैसा नव्हता. कर्वे देशभर फिरून वर्गणी गोळा करू लागले. कुणी रुपया दिला तरी आनंद, कुणी चार आणे दिले तरी आनंद.

१९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या आईच्या नावावरून विद्यापीठाला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ हे नाव मिळालं. तेच आजचं एस.एन.डी.टी. विद्यापीठ. पण सरकारी कायद्याने मान्यता लागू व्हायला १९५१ साल उजाडलं. म्हणजे सुरू केल्यापासून पस्तीस वर्षांनी! कर्वे तेव्हा त्र्याण्णव वर्षांचे होते.

पस्तीस वर्षं वाट बघताना माणूस आनंदी कसा राहू शकतो? मला वाटतं, त्यांचा आनंद त्या मान्यतेवर अवलंबून नव्हता. यंदा एक मुलगी पदवीधर झाली, यंदा एक नवी खोली बांधली, यंदा एका गावातून नवी विद्यार्थिनी आली, अशा लहान गोष्टींत तो वाटलेला होता. सगळा आनंद शेवटच्या निकालावर ठेवला, तर वर्षभर माणूस नुसता धास्तावलेला राहतो. आपली मुलं शिष्यवृत्तीच्या वर्षी तशीच राहतात आणि आपणही त्यांना तसंच ठेवतो. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा माझीच मला थोडी लाज वाटली.

सत्तरीनंतरची नवी सुरुवात

सत्तरी आली की माणूस म्हणतो आता पुरे झालं. कर्वे १९२९ साली, सत्तरी ओलांडल्यावर, परदेश प्रवासाला निघाले. इंग्लंडमध्ये माल्व्हर्न इथे प्राथमिक शिक्षकांच्या परिषदेला ते हजर राहिले. मी स्वतः प्राथमिक शिक्षिका असल्याने मला याचं विशेष कौतुक वाटतं. जिनिव्हा इथल्या शिक्षण परिषदेत त्यांनी भारतातल्या स्त्रियांच्या उच्च शिक्षणाबद्दल सांगितलं. जर्मनीत त्यांची आइन्स्टाइन यांच्याशी भेट झाली. पुढे अमेरिका, जपान असं फिरून ते परत आले आणि काही महिन्यांतच आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेले. लहानपणी चारचौघांत बोलायला घाबरणारा मुलगा हाच, हे विसरू नका.

१९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी आणखी एक काम सुरू केलं. ज्या खेड्यांमध्ये शाळाच नव्हती, तिथे प्राथमिक शाळा काढण्यासाठी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केलं. विद्यापीठ उभं करणारा माणूस पुन्हा पहिलीच्या वर्गापाशी आला. या वयात ते घरोघर जाऊन लहान लहान वर्गण्या मागत. कुणी नाही म्हटलं तर वाईट वाटून न घेता पुढच्या दारी जात. माणसामाणसांत भेद राहू नये म्हणून १९४४ साली त्यांनी समता संघही काढला.

१९५५ साली पद्मविभूषण आणि १९५८ साली, शंभरी पूर्ण झाली त्या वर्षी, भारतरत्न हा सर्वोच्च सन्मान त्यांना मिळाला. त्याच वर्षी त्यांच्या सन्मानार्थ टपाल तिकीटही निघालं. ज्याला एकेकाळी स्वतःच्या गावाने वाळीत टाकलं, त्याचं चित्र देशभरातल्या पाकिटांवर गेलं. मात्र हे सगळं बघायला बाया नव्हत्या. त्यांचं १९५० सालीच निधन झालं होतं. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात महर्षी कर्वे यांचं निधन झालं. हिंगण्याचा तो माळ आज पुण्यातला गजबजलेला भाग आहे. तो कर्वेनगर म्हणून ओळखला जातो आणि तिथे आजही हजारो मुली शिकतात.

या जीवनातून आपण काय शिकलो?

१. सकारात्मक विचार म्हणजे दुःख लपवणं नव्हे. साताऱ्याहून परत येताना वाईट वाटणं साहजिक होतं. रडू आलं तर रडावं. पण त्यानंतर पुढची एक गोष्ट कोणती, हे स्वतःला विचारावं.

२. झालेल्या गोष्टीत आपल्या हातात काय होतं आणि काय नव्हतं, हे वेगळं करावं. चेहरा लहान दिसतो हे धोंडूच्या हातात नव्हतं, पुन्हा अर्ज करणं हातात होतं.

३. आपल्याला विरोध करणारा प्रत्येक जण शत्रू नसतो. राग धरून बसलं की त्रास आपल्यालाच जास्त होतो.

४. आनंद एकाच मोठ्या निकालावर ठेवू नये. रोजच्या लहान प्रगतीत तो वाटून घ्यावा.

५. दुसऱ्यासाठी थोडं तरी काम करावं. स्वतःच्या दुःखातून बाहेर यायला त्याची फार मदत होते.

६. आपल्या आनंदासाठी घरात कोण कष्ट करतं, याची आठवण ठेवावी.

शेवटी

दुसऱ्या दिवशी परिपाठानंतर मी वर्गाला साताऱ्याची गोष्ट सांगितली. निकालाचा विषय काढला नाही, कुणाचं नाव घेतलं नाही. त्या मुलीने मधल्या सुट्टीत येऊन विचारलं की मॅडम, मग त्यांनी कोल्हापूरची परीक्षा कधी दिली? मी सांगितलं. ती काही न बोलता गेली. संध्याकाळी शाळा सुटताना ती गणिताची वही घेऊन थांबली होती. शिष्यवृत्तीच्या पेपरात तिची अपूर्णांकाची गणितं चुकली होती, ती तिला समजून घ्यायची होती. आम्ही अर्धा तास बसलो. तीन गणितं आली, एक नाही आलं. ते उद्या करू असं तिनेच सांगितलं.

आता पुढे पुन्हा शिष्यवृत्ती परीक्षा येईल. तेव्हा तिचं काय होईल हे आज सांगता येणार नाही, आणि मीही तिला सगळं चांगलंच होईल असं आता सांगत नाही. पण जाताना ती हसत होती, एवढं मी पाहिलं.

विद्यार्थ्यांसाठी कृती

१. नकाशात मुरूड, सातारा, कोल्हापूर आणि पुणे ही ठिकाणं शोधा. मुरूडहून साताऱ्याला जाताना वाटेत सह्याद्री कुठे लागतो ते दाखवा.

२. तुमच्या मनासारखी न झालेली एक गोष्ट वहीत लिहा. तिच्याखाली दोन रकाने करा : माझ्या हातात नव्हतं आणि माझ्या हातात आहे. दुसऱ्या रकान्यातली एक गोष्ट याच आठवड्यात करून बघा.

३. आज झोपण्यापूर्वी आज काय जमलं ते एका ओळीत लिहा. सात दिवस असं करा आणि आठव्या दिवशी सगळ्या ओळी एकत्र वाचा.

४. तुमच्या शिक्षणासाठी घरात कोण काय कष्ट करतं, ते आई-बाबांना किंवा आजी-आजोबांना विचारून वर्गात सांगा.

हा पाठ तुमच्या वर्गात घेऊन बघा. मुलं काय बोलतात ते नक्की ऐका, कधी कधी आपल्याला न सुचलेला प्रश्न तेच विचारतात.